कुत्रा मुलाला ओढून का नेतो?

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांना जवळचे. गेल्या काही दशकांत येथील भातखाचरांच्या आणि माळांच्या जागी ठिकठिकाणी कुंपण घातलेली फार्महाऊसे उभी राहिली आहेत. मालक शहरात राहतात आणि शनिवार-रविवारी येतात. आठवडाभर तेथे राखणदाराचे कुटुंब असते आणि पुष्कळदा मालकाचा कुत्राही असतो. राखणीसाठी ठेवलेला म्हणून तो बहुधा मोठ्या जातीचा असतो. या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवून आणावे लागते. वडील झाडांना पाणी देण्यात आणि आई घरकामात गुंतलेली असते, तेव्हा हे काम सहजच पाचवी-सहावीतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. शहरातल्या वसाहतींतही असेच घडते. तेथे कुत्रा घरचाच असतो, एवढाच फरक.

एवढ्या मोठ्या कुत्र्याबरोबर मुलाला एकटे पाठवणे सुरक्षित आहे का, असे कोणी विचारले, तर ठरलेले उत्तर मिळते : “आमचा कुत्रा फार गरीब आहे, कोणाला काही करत नाही.” हे उत्तर खरे असेलही, परंतु ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. कुत्रा गरीब आहे की नाही हा स्वभावाचा प्रश्न झाला. दोरी धरणाऱ्याला तो आवरता येईल की नाही हा बलाचा प्रश्न आहे, आणि तो पदार्थविज्ञानाच्या नियमांनी सुटतो. आठवी-नववीपर्यंत शिकलेले नियम त्यासाठी पुरतात. चला, तर ते गणित करून पाहू या.

दोघांचे वजन सारखे, तरी कुत्रा का जिंकतो?

समजा, ३० किलोग्रॅम वस्तुमानाचा एक मुलगा आहे. पाचवीतल्या मुलाचे वजन साधारण एवढे असते. त्याच्या हातातील दोरीच्या दुसऱ्या टोकाला तितक्याच वजनाचा, म्हणजे ३० किलोग्रॅमचा लॅब्राडोर आहे. रॉटवायलर ५० किलोग्रॅमचा असू शकतो आणि ग्रेट डेन त्याहूनही जड. पण आपण सोपे उदाहरण घेऊ. गुरुत्व त्वरण हिशेबासाठी १० धरले, तर दोघांचेही वजन ३०० न्यूटन भरते.

रस्सीखेचीत जिंकतो कोण? ज्याचे हात बळकट तो, असे आपल्याला वाटते. खरे पाहता ज्याच्या पायांची जमिनीवरची पकड अधिक, तो जिंकतो. या पकडीलाच आपण घर्षण म्हणतो. घर्षणबलाची कमाल मर्यादा म्हणजे वजन गुणिले घर्षणांक. रबरी चप्पल आणि कोरडा डांबरी रस्ता यांच्यामधला घर्षणांक ०.६ धरला, तर मुलाला फार तर १८० न्यूटन बल पेलता येईल. त्यापुढे त्याचे पाय सरकू लागतील. कुत्र्याला मात्र चार पाय आहेत आणि प्रत्येक पायाला नख्या आहेत. मातीत नख्या रुतवून तो रेटा देतो. त्याचा घर्षणांक ०.८ धरला, तर तो २४० न्यूटन बलाने ओढू शकतो. वजन सारखे असूनही मुलगा हरला!

आता पावसाळा येऊ द्या. कर्जत-खालापुरात पाऊस कोसळतो आणि फरशीवर, दगडावर, सिमेंटच्या वाटेवर शेवाळ धरते. तेथे चपलेचा घर्षणांक ०.२ पर्यंत उतरतो, म्हणजे मुलाची पकड अवघी ६० न्यूटन उरते. पायांखालच्या पृष्ठभागाने काय फरक पडतो हे कर्जत तालुक्यातील माथेरानच्या घोडेवाल्यांना विचारावे. तेथील मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवल्यावर घोडे घसरतात, अशी तक्रार त्यांनी केली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सरकण्याआधी कलंडणे

मुलगा प्रत्यक्षात १८० न्यूटनपर्यंतसुद्धा तग धरत नाही. पाय सरकण्यापूर्वीच तो तोंडावर पडतो. असे का होते?

उभ्या माणसाच्या गुरुत्वमध्यातून खाली काढलेली रेषा त्याच्या पावलांनी व्यापलेल्या जागेत पडते, तोवर तो उभा राहतो. दोन्ही पाय जुळवून सरळ उभ्या असलेल्या मुलाची ही रेषा पायाच्या बोटांच्या सुमारे १० सेंटिमीटर मागे पडते. कुत्रा पुढे ओढतो तेव्हा मुलगा बोटांच्या टोकाभोवती पुढे फिरू पाहतो आणि त्याचे वजन त्याला मागे धरून ठेवते. बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला बलाचे आघूर्ण म्हणतात. वजनाचे आघूर्ण झाले ३०० गुणिले ०.१, म्हणजे ३० न्यूटन-मीटर. दोरी धरलेला हात जमिनीपासून ०.७ मीटर उंचीवर आहे असे मानू. तर मुलाला कलंडवण्यासाठी ३० भागिले ०.७, म्हणजे फक्त ४३ न्यूटन बल पुरेसे आहे. सव्वाचार किलोग्रॅमची पिशवी उचलताना हाताला जेवढा ओढा जाणवतो, तेवढेच हे बल!

मुलाने एक पाय पुढे टाकला, गुडघे वाकवले आणि अंग मागे झुकवले, तर चित्र बदलते. गुरुत्वमध्याची रेषा आता पुढच्या पायाच्या बोटांपासून ३० सेंटिमीटर मागे जाते आणि हात ०.५ मीटरपर्यंत खाली येतो. गणित केल्यास असे दिसते, की त्याला कलंडवायला आता १८० न्यूटन बल लागेल. आपण उभे कसे राहतो यावर चौपट फरक पडला. कुत्र्याला मात्र हे शिकावे लागत नाही. त्याचे शरीर आडवे, गुरुत्वमध्य जमिनीलगत आणि चार पायांमधली जागा ऐसपैस. तो जन्मतःच रस्सीखेचीच्या पवित्र्यात उभा असतो.

करून पाहा

मोठे कोणी जवळ असताना, गवतावर किंवा मऊ मातीवर, हा प्रयोग करा. कंबरेजवळ दोन्ही हातांनी दोरीचे एक टोक धरा. दुसऱ्या टोकाला तानकाटा अडकवून मित्राला तो सावकाश ओढायला सांगा. हिसका देऊ नये. पाय जुळवून उभे राहा आणि तुमच्या टाचा उचलल्या जाताच मित्राने काट्यावरचा आकडा वाचावा. मग एक पाय पुढे टाकून, गुडघे वाकवून पुन्हा करा. तानकाट्याचे आकडे किलोग्रॅममध्ये असतील, तर त्यांना १० ने गुणा म्हणजे न्यूटन मिळतील. वहीत दोन्ही आकडे लिहा आणि वरच्या गणिताशी ताडून पाहा. या प्रयोगासाठी कुत्रा घेऊ नका. मित्र सांगितल्यावर थांबतो.

हिसक्याचे बल

आतापर्यंत आपण सावकाश ओढण्याचा विचार केला. पण कुत्र्याला रस्त्यापलीकडे मांजर दिसले, तर तो सावकाश ओढत नाही, उसळी मारतो. दोरी सैल असेल, तर ती ताणली जाईपर्यंत त्याला वेग घ्यायला मोकळी जागा मिळते.

कुत्र्याचे त्वरण ४ मीटर प्रतिसेकंद वर्ग धरू. दोरी २ मीटर सैल असेल, तर ती ताणली जाईल त्या क्षणी त्याचा वेग ४ मीटर प्रतिसेकंद झालेला असेल. त्याचा संवेग ३० गुणिले ४, म्हणजे १२० एकक. दोरीने त्याला ०.२ सेकंदात थांबवायचे, तर सरासरी बल १२० भागिले ०.२, म्हणजे ६०० न्यूटन लागेल. हे मुलाच्या वजनाच्या दुप्पट आहे! १८० न्यूटनला हार मानणारा मुलगा हे पेलणार नाही, हे उघड आहे. मग काय होते? कुत्रा थांबत नाही, मुलगाच निघतो. दोघांचे वस्तुमान सारखे असल्याने संवेग वाटला जातो आणि मुलगा क्षणार्धात २ मीटर प्रतिसेकंद वेगाने खेचला जातो. हात पुढे जातो आणि पाय मागे राहतात.

सैल दोरी अर्ध्या मीटरची असेल, तर कुत्र्याचा वेग २ मीटर प्रतिसेकंदच होईल आणि हिसका निम्मा, म्हणजे ३०० न्यूटन होईल. म्हणून दोरी आखूड धरणे केव्हाही चांगले. डबीतून पाच मीटरपर्यंत सुटत जाणारी दोरी मोठ्या कुत्र्यासाठी मुळीच योग्य नव्हे. परंतु आखूड दोरीचा निम्मा हिसकासुद्धा आपल्या मुलाच्या शक्तीबाहेरचा आहे, हे विसरू नका.

मोठी माणसेही यातून सुटत नाहीत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ ते २०२० या काळातील रुग्णालयांच्या नोंदी अभ्यासल्या आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोरीला बांधलेला कुत्रा फिरवताना दुखापत होऊन तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या प्रौढांची संख्या त्या वीस वर्षांत, त्यांच्या अंदाजानुसार, ४ लाख २२ हजारांहून अधिक होती. बोट मोडणे, डोक्याला मार बसणे आणि खांदा दुखावणे या दुखापती सर्वांत अधिक आढळल्या. कुत्र्याने ओढल्यामुळे किंवा दोरी पायांत अडकल्यामुळे पडणे, हे त्यांचे प्रमुख कारण होते. येथे कुत्र्याच्या रागाचा संबंधच नाही.

मनगटाला वेढा देऊ नका

कुत्रा सुटू नये म्हणून पुष्कळ मुले दोरी मनगटाला किंवा तळहाताला गुंडाळतात. ही सर्वांत घातक सवय आहे. तिच्यामागचे शास्त्र मोठे गमतीचे आहे.

गुरे राखणारा मुलगा बुजलेल्या बैलाचे दावे झाडाच्या बुंध्याला एक वेढा देऊन धरतो आणि बैल जागच्या जागी थांबतो. अठराव्या शतकातील थोर गणिती लेओनार्ड ऑयलर याने याचे गणित मांडले. घर्षणांक ०.५ असेल, तर अर्ध्या वेढ्याने सुमारे ५ पट, एका पूर्ण वेढ्याने सुमारे २३ पट आणि दोन वेढ्यांनी ५०० पटींहून अधिक बल तोलता येते. म्हणजे ६०० न्यूटनचा हिसका एका वेढ्यामागे २६ न्यूटनने धरता येतो. बाकीचे सारे बल झाड सोसते.

मनगटाला वेढा दिला, तर झाडाच्या जागी मनगट येते. दोरी निसटत नाही हे खरे; पण सगळे बल हाडांवर येते, वेढा आवळत जातो, आणि मुलाने ठरवले तरी त्याला दोरी सोडता येत नाही. दोरी धरणाऱ्याजवळ शेवटचा उपाय असतो तो मूठ उघडण्याचा. वेढा तोच उपाय काढून घेतो.

येथे कोणी विचारील, “मग आमच्या गावातली लहान मुले एवढाले बैल कसे नेतात?” त्याचे उत्तर असे, की बैलाला मूल बलाने धरत नाही. बैलाच्या नाकातून वेसण ओवलेली असते. नाकाचा तो भाग फार नाजूक असल्याने थोड्या ओढीनेही बैल मान वळवतो. शिवाय बैल सावकाश चालतो आणि मांजरामागे धावत नाही. कुत्र्याचा पट्टा मात्र मानेत, खांद्यालगत असतो. तो त्याच्या शरीराचा सर्वांत बळकट भाग. पाठीवर कडी असलेला अंगपट्टा घातला, तर बैलाने जू ओढावे तसा तो सगळ्या अंगाने ओढू शकतो. कडी छातीसमोर असेल, तर दोरीच्या ताणाने कुत्रा बाजूला वळतो आणि सरळ रेषेत तेवढा जोर लावू शकत नाही. उपाय चांगला आहे, पण तोही हिसका नाहीसा करत नाही.

घाटातल्या गाडीचा नियम

कर्जतहून लोणावळ्याकडे जाणारा बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचा चढ ३७ मीटरला १ मीटर एवढा तीव्र आहे. गाडी घाट चढू लागण्यापूर्वी कर्जतला तिच्या मागे जादा इंजिने जोडतात, हे तुम्ही पाहिले असेल. उतरतानाची काळजी त्याहून मोठी. १,००० टनांच्या गाडीला हा उतार सुमारे २७ टनभाराने खाली ओढतो. म्हणून उतरणाऱ्या गाड्या ठरलेल्या ठिकाणी थांबवून ब्रेकची खात्री करतात. एवढे करूनही गाडी निसटलीच तर ती चढावर वळवून थांबवता यावी, यासाठी घाटात वेगळे फाटे ठेवलेले आहेत. ही गाडी आजवर कधी निसटली नाही, ती गरीब आहे, असे म्हणून कोणी ब्रेक तपासायचे सोडत नाही. रोजच्या ओढीपुरती ताकद असून भागत नाही. सर्वांत वाईट क्षणी थांबवता आले पाहिजे, हा तेथला नियम आहे.

तोच नियम कुत्र्याच्या दोरीला लावून पाहू. मुलाचा ओल्या जागेवरचा घर्षणांक ०.२ आणि कुत्र्याचा ०.८. दोघांची ओढ बरोबरीत सुटायची, तर कुत्र्याचे वजन मुलाच्या एक-चतुर्थांश हवे. म्हणजे ३० किलोग्रॅमच्या मुलाने फार तर साडेसात किलोग्रॅमचा कुत्रा एकट्याने न्यावा. आपला साधा गावठी कुत्राही १५ ते २० किलोग्रॅमचा असतो. त्याला धरणारी व्यक्ती या हिशेबाने ६० ते ८० किलोग्रॅमची, म्हणजे प्रौढ, असायला हवी. हे अंदाजाचे माप आहे. शिकवलेला कुत्रा एरवी ओढत नाही, ही गोष्टही खरी. परंतु दिवाळीचा फटाका, अंगावर धावून येणारे भटके कुत्रे किंवा भरधाव मोटारसायकल समोर आली, की शिकवण मागे पडते आणि वजन तेवढेच राहते.

कायदा काय म्हणतो?

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. हा सारा वाद जातींबद्दल होता. त्या यादीत लॅब्राडोर नव्हता. पण आपण वर पाहिलेले सर्व गणित लॅब्राडोरचेच आहे.

आयर्लंडमध्ये १९९८ च्या नियमांत मात्र दोरी धरणाऱ्याचा विचार केलेला दिसतो. रॉटवायलर, जर्मन शेफर्ड अशा काही जातींचा कुत्रा सार्वजनिक जागी नेताना त्याच्या तोंडाला जाळी हवी, दोरी मजबूत व दोन मीटरपेक्षा आखूड हवी आणि ती धरणारी व्यक्ती सोळा वर्षांवरील व त्या कुत्र्याला आवरू शकणारी हवी. वय आणि आवरण्याची क्षमता, अशा दोन्ही अटी तेथे घातल्या आहेत.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. काळजी घेणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. ते दोरीबरोबर मुलाच्या हातात देऊन टाकता येत नाही.

मग मुलांनी काय करावे?

कुत्र्यापासून दूर राहा, असे मी सांगणार नाही. त्याला खाऊ घालणे, अंग पुसणे, कुंपणाच्या आत ‘बस’ आणि ‘थांब’ शिकवणे ही कामे मुले उत्तम करतात. फिरवायला न्यायचे असेल, तर दोन दोऱ्या बांधाव्यात. मुख्य दोरी मोठ्या माणसाच्या हातात आणि दुसरी तुमच्या हातात. चालण्याचा आनंद तुम्हाला मिळेल आणि हिसका मोठे माणूस सोसेल. दोरी मुठीत धरा, मनगटाला गुंडाळू नका. निसरड्या वाटेवर आणि वर्दळीच्या रस्त्यावर जाऊ नका.

दोन कुत्रे भांडू लागले, तर मध्ये हात घालू नका. चावा किंवा ओरखडा लागलाच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. तिखट, हळद, चुना काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा आणि सांगितलेल्या सर्व मात्रा पूर्ण करा. कुत्रा पाळीव असला, तरी हे डॉक्टरांना दाखवायलाच हवे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून बोलणी बसतील या भीतीने चावा लपवू नका.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कुत्र्याने उसळी मारली आणि तुम्ही ओढले जाऊ लागलात, तर मूठ उघडा. दोरी सोडा. मालकाचा महागडा कुत्रा हरवला तर वडिलांचे काम जाईल, या धास्तीने एखादे मूल दोरी सोडत नाही आणि रस्त्यापर्यंत फरफटत जाते. सोडलेला कुत्रा वाहनाखाली येईल, कोणाच्या अंगावर जाईल, ही भीतीही खोटी नाही. म्हणजे एकट्या मुलासमोर दोनच मार्ग उरतात आणि दोन्ही वाईट असतात. म्हणूनच त्याला एकटे पाठवायचे नाही.

हा लेख घरी वडिलांना आणि शक्य असल्यास कुत्र्याच्या मालकालाही वाचून दाखवा. तानकाट्याचा प्रयोग त्यांच्यासमोर करा. वहीत लिहिलेला आकडा त्यांना दाखवा आणि विचारा : एवढ्या बलाला माझ्या टाचा उचलल्या जातात, तर हा कुत्रा मला आवरेल का? तुम्हाला नाही म्हणणे अवघड वाटत असेल, तर तो आकडा तुमच्या वतीने बोलेल.